बाकीचं आम्ही करू

बटाटा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि खाली पडून सोफ्याखाली गेला.

“उचलू नकोस,” मॅडमचे यजमान म्हणाले.

“मी कुठं उचलतेय?” मॅडम म्हणाल्या खऱ्या, पण तोवर कमरेत अर्ध्या वाकल्याही होत्या. मग चप्पल शोधत असल्यासारखं करून सरळ झाल्या.

यजमान एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांचे आराखडे काढायचे. रेघ केसभर हलली तरी अख्खा कागद फाडून नवा घ्यायचे, म्हणून तिथं सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. आजारपणात त्यांची उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, काठीच्या आधारानं घरभर हिंडू लागला. हात मात्र खांद्याला लटकून राहिला, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा. तेव्हापासून फूटपट्टींनी उंबरा ओलांडला नव्हता. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत झोपेचं सोंग. चारचौघांत खाणं तर लांबच.

आणि मॅडमचं काम काय, तर नेमकं हेच. त्या कॉलेजात व्यवसायोपचार शिकवायच्या. शेजारणींना वाटायचं, त्या लोकांना नोकऱ्या लावून देतात. तीन जणींनी तर भाच्यांचे अर्जही आणून दिले होते. प्रत्यक्षात त्या मुलांना एवढंच शिकवायच्या, की आजारानं हातपाय गेलेल्या माणसाला दात घासणं, शर्ट घालणं, चहा करणं पुन्हा कसं जमवून द्यायचं. पहिल्या दिवसाचा पहिला धडा: हात मागे बांधा. तो माणूस धडपडेल, चुकेल, तुमच्या हातांना खाज सुटेल. सुटू दे.

घरी हा धडा फार जड जात होता, ते वेगळं.

त्यात यंदा अभ्यासक्रमात ‘नेतृत्व आणि उद्योजकता’ असा नवा विषय आला. शिकवणार कोण? प्राचार्यांनी वेळापत्रकावर बोट फिरवलं आणि मॅडमचा गुरुवार दुपारचा तास रिकामा सापडला. एवढीच त्यांची पात्रता. सोसायटीच्या बैठकांत त्यांनी आजवर एकदाच हात वर केला होता, आणि तोही पंखा कमी करा म्हणायला.

“सर, मला उद्योगधंद्यातलं काही कळत नाही हो.”

“मॅडम, कळत असतं तर इथं नोकरी केली असती का?” प्राचार्य प्रेमानं म्हणाले.

मग मॅडम बुधवारी रात्री पुस्तक वाचायच्या आणि गुरुवारी तेच मुलांना शिकवायच्या. संधी हेरा. वेळ ओळखा. गाडी घसरतेय असं दिसलं तर क्षणात निर्णय घ्या. पोरं लिहून घेत. त्यांतली एक मात्र लिहीत नसे, तिला ते उपजतच येत होतं. वर्गात तिला कलेक्टर म्हणत. सहलीची गाडी ठरवायची असो की भांडण मिटवायचं असो, कलेक्टर उभी राहिली की बाकीचे बसायचे.

वर्षाच्या शेवटी स्पर्धा होती. गटानं एखादी वस्तू तयार करायची आणि परीक्षकांपुढं मांडायची. पहिल्या येणाऱ्यांची वस्तू एक कारखानदार बाजारात आणणार होता. कलेक्टरच्या गटानं एका हातानं काम करणाऱ्यांसाठी पाट बनवला. लाकडी फळीतून वर आलेले स्टीलचे खिळे, त्यांवर बटाटा रोवायचा. एका कोपऱ्याला कड, तिला टेकवून ब्रेडला लोणी लावायचं. खाली रबरी पाय.

“अगं, असे पाट जुनेच आहेत,” मॅडम म्हणाल्या.

“आहेत ना मॅडम. पण मिळतात कुठं?”

मॅडमनी एका खिळ्याला बोट लावून पाहिलं.

पाट घेऊन ती मॅडमच्या घरी आली तेव्हा फूटपट्टी सवयीनं आत जाऊन झोपले. कलेक्टर सरळ खोलीच्या दारात गेली. “काका, झोपेत पापण्या अशा हलत नाहीत, आम्हाला शिकवलंय. उठा, आमच्या पाटाला नावं ठेवा बघू.”

आतून आवाज आला, “कड तिरकी आहे.”

“कुठंय तिरकी?”

“तिथूनही दिसतेय मला.”

मोजली, तर खरंच तिरकी होती. दोन दिवसांनी नवी कड आली. मग पायांची उंची बदलली, मग खिळ्यांमधलं अंतर. फूटपट्टी रोज टेबलाशी बसू लागले. बटाटे पळायचे थांबले. एके सकाळी एका बटाट्याची साल एका सलग पट्टीत निघाली, आणि ती त्यांनी संध्याकाळपर्यंत फेकू दिली नाही.

“काका, स्पर्धेत तुम्हीच करून दाखवा ना,” कलेक्टर म्हणाली.

फूटपट्टींनी खिडकीकडं पाहिलं.

“निळा शर्ट इस्त्रीला गेलाय का गं?” त्यांनी विचारलं.

त्या दिवशी मॅडमनी मनात हिशेब मांडला. एकदा माणसांसमोर बसले की मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातील, मग बागेत, मग कारखान्यातल्या मित्रांकडं. पण फिसकटलं, तर मिटलेलं दार पुन्हा उघडणार नाही. जमा आणि खर्च, दोन्ही एकाच बटाट्यावर.

सभागृह गच्च भरलं होतं. प्रत्येक गटाला मोजून पाच मिनिटं. शिक्षकांनी पहिल्या रांगेत बसायचं, बोलायचं नाही. फूटपट्टी निळ्या शर्टात टेबलाशी बसले, बटाटा रोवला आणि डाव्या हातानं सालकाढणं उचललं. साल निघू लागली, सावकाश, सलग. मागं कुणीतरी खोकलं. एका परीक्षकानं घड्याळ पाहिलं. कलेक्टरला अजून किंमत सांगायची होती, मागणी सांगायची होती. एक मिनिट उरल्याची घंटा झाली. बटाटा अर्धा झाला होता.

तिनं बटाट्याकडं पाहिलं, सभागृहाकडं पाहिलं, मग मॅडमकडं. मॅडमनी ‘नको’ म्हणून मान हलवायला हवी होती. पण घाबरलेल्या परीक्षार्थीकडं पाहून जे हसायची त्यांना सवय होती, तेच हसू नेमकं चेहऱ्यावर आलं. मुलीनं त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला.

“वा, काका!” ती वाकली आणि त्यांच्या हातातून सालकाढणं अलगद काढून घेतलं. “बाकीचं आम्ही करू!” फर्रकन उरलेली साल उडवली आणि बटाटा उंच धरला. “आणि मंडळी, हेच आमचं वचन. बाकीचं आम्ही करू!”

टाळ्या पडल्या. फूटपट्टींचा डावा हात सालकाढणं धरल्यासारखाच हवेत राहिला होता. मग तो त्यांनी मांडीवर नेऊन ठेवला.

पहिला नंबर आला. कारखानदार म्हणाला, “हीच ओळ खोक्यावर छापू. काकांच्या फोटोसकट.”

गाडीत मॅडम म्हणाल्या, “अहो, पोर घाबरली हो. वेळ संपत आला होता.”

“हो.”

“रागावलात?”

“कशाला? बटाटा सोलून हवा होता, सोलून मिळाला.”

पुढच्या गुरुवारी कलेक्टर स्टाफरूमच्या दाराशी आली. नेहमी आधी आवाज यायचा, मग ती. आज नुसती उभी होती. “मॅडम, काका फोनवर येत नाहीत. माझं चुकलं का?”

मॅडमपुढं गुणांचा तक्ता होता. संधी हेरली? हेरली. क्षणात निर्णय? घेतला. गाडी सावरली? उत्तम. पुस्तकाप्रमाणं एकही गुण कापायला जागा नव्हती. एका तासाला त्यांनी हात मागे बांधायला शिकवलं होतं आणि दुसऱ्या तासाला झडप घालायला, फळ्यावर दोन्हीकडं अक्षर त्यांचंच.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “दमलेत ते जरा.”

पोरीला ते पटलं नाही. पण विचारणार तरी काय?

घरी पाट कपाटावर गेला होता. फूटपट्टी पुन्हा आतल्या खोलीत. मॅडमनी गोडीनं सांगून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी रात्री जेवायला बसल्यावर म्हणाल्या, “एका पोरीच्या एका चुकीसाठी सगळं सोडून द्यायचं का हो? इतकं जमत होतं तुम्हाला!”

“काय जमत होतं?”

“काय म्हणजे? डबे उघडत होतात, बाटल्या उघडत होतात.”

फूटपट्टींनी ताटावरून नजर वर केली. आवाजात राग नव्हता, कारखान्यात कुणाच्या आराखड्यातली चूक दाखवताना असायचा तसाच तो होता.

“झाकणं तू आधी सैल करून ठेवतेस. मी अंघोळीला गेलो की.”

मॅडमनी आमटीवरचं झाकण सारखं केलं.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” ते म्हणाले. “त्या पोरीनं निदान समोर केलं.”

सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा मॅडमनी मुरांब्याची बरणी काढली. झाकणावर फडकं घालून, ओठ दाबून, असेल नसेल तेवढा जोर लावून ते घट्ट बसवलं. बरणी फूटपट्टींच्या डाव्या हाताला ठेवली. गुडघ्यांत धरून ती कशी उघडायची, हे त्यांना केव्हाच शिकवून झालं होतं.

फूटपट्टी आले, बसले. त्यांनी बरणीकडं पाहिलं, मग तिला हात न लावता ब्रेडचा कोरडा तुकडा उचलला आणि सावकाश चावू लागले.

मॅडमनीही कोरडाच घेतला.