डॉक्टर बिझी आहेत

कर्जतच्या बाजारात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, अठ्ठ्याहत्तर साली एक संस्था निघाली. तिचं नाव बोर्डावर मावेना, म्हणून उरलेलं भिंतीवर लिहिलं: वैद्यकीय कार्यालयीन व्यवस्थापन प्रशिक्षण वर्ग, मुदत तीन महिने. जागा उरली तिथे रंगाऱ्यानं आपल्या मनानं एक लाल फुली काढली. पुढचं सगळं त्या फुलीमुळे झालं.

प्राचार्य होते ठोंबरे सर. गावात त्यांना गजा म्हणत, पण ते खाली, गिरणीत. सरांचा वैद्यकीय अनुभव दांडगा होता. मुंबईच्या एका इस्पितळात त्यांनी अकरा वर्षं सायकल स्टँडवर बिल्ले दिले होते. निवृत्त होताना इस्पितळाला काही सुचलं नाही, म्हणून सरांनी ते पितळी बिल्ले स्वतःच स्वतःला भेट दिले. वर्गाची सारी यंत्रसामग्री म्हणजे हे बिल्ले, एक टेबल, वायर नसलेला फोन आणि लाकडी फळ्या ठोकून केलेली एक रिकामी खोली. तिच्या दारावर पाटी: ‘डॉक्टर’.

सुंदरा कुंभिवलीहून एस.टी.नं यायची. बौद्धवाड्यातली पहिली मॅट्रिक पास मुलगी. तिचा भाऊ चंदर मुंबई-पुणे रस्त्यावरच्या हॉटेलात कामाला होता. त्यानं निघतानाच सांगितलं होतं, “तीन म्हयन्यात खुर्चीवरची नोकरी गावली तर गावली. नायतर मालकाशी बोललोय मी. माझ्या बाजूला कपबश्या धुवायच्या.”

“मंग तू विसळ, मी फोडते,” सुंदरा म्हणाली होती.

पहिला महिना खुर्चीवर कसं बसायचं यात गेला. दुसऱ्यात फोन उचलून “डॉक्टर बिझी आहेत” म्हणायला शिकवलं. हेच वाक्य नम्रपणे, मग कडक, मग जेवता जेवता. तिसऱ्या महिन्यात मुख्य विषय आला: पेशंटला थांबवणे.

“पेशंट लगेच आत गेला,” सर फळ्यावर रेघ मारत म्हणाले, “तर तुमचा उपयोग काय? परीक्षेत एका तासाच्या आत जो पेशंट आत सोडील, तो नापास.”

“आत कोणी नाहीच सर,” सुंदरा म्हणाली.

“म्हणून तर सराव चांगला होतो.”

सरावासाठी पेशंट शोधावे लागले नाहीत. फुली पाहून ते आपणहून जिना चढले. कोणी दळण टाकायला आलेलं, कोणी कळंबहून खोकत आलेलं. त्यांना बिल्ला मिळे, नाव-गाव आदरानं विचारून कार्डावर उतरवलं जाई, मग तीन तास बाकावर. शेवटी, “डॉक्टर बिझी आहेत, उद्या या.” निम्मे उद्यापर्यंत आपोआप बरे होत आणि त्याचं श्रेय डॉक्टरांना जाई. महिनाभरात कर्जत तालुक्यात बोलबाला झाला की गिरणीवरचा डॉक्टर फार मोठा आहे, अजून कोणाला दिसलासुद्धा नाही.

अगदी समोर डॉक्टर पाटणकरांचा दवाखाना होता. एम.बी.बी.एस., खरे, दिसणारे. तरुण होते आणि गेलं की लगेच तपासत, त्यामुळे त्यांच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. सुंदरानं त्यांच्याकडे नोकरी विचारली तेव्हा ते पेपरातलं कोडं सोडवत होते.

“ठेवली असती हो,” ते म्हणाले, “पण पेशंट कुठे आहेत?”

पेशंट कुठे होते ते सुंदराला चांगलंच माहीत होतं. त्यांच्या बिल्ल्यांचे नंबर तिनंच दिले होते.

परीक्षेच्या दिवशी ती टेबलाशी बसली. सर घड्याळ घेऊन मागे. जिना चढून आवडी आली, डोंगरातल्या ठाकरवाडीची. कडेवरचं पोर तापानं फणफणलेलं, मान टाकून.

“तिसरी खेप माजी,” आवडी धापा टाकत म्हणाली. “आज तरी भेटंल का गं बाय?”

सुंदरानं पोराच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढला. “आवडे, समोर जा. तिथं डॉक्टर बसलाय.”

“त्यो?” आवडीनं नाक मुरडलं. “त्याच्याकडं कोन जात नाय. कायतरी कारन आसल ना?”

“अगं, रिकामा हाय!”

“तेच तर.”

मागून सर म्हणाले, “उत्तम चाललंय. चार मिनिटं झाली.”

सुंदरा उठली. परीक्षेत उठायला मनाई होती. ती रस्ता ओलांडून गेली नि पाटणकरांना कोड्यासकट ओढून आणलं. पुढच्या जिन्यानं आणलं असतं तर बाकावरच्यांनी त्यांना ओळखलं असतं, म्हणून गिरणीतून, चक्कीच्या मागून, मागच्या शिडीनं खोलीत चढवलं. पट्टा फिरत होता. वर पोचेपर्यंत त्यांचे केस, भुवया, मिशा ज्वारीच्या पिठानं पांढऱ्या झाल्या आणि अठ्ठावीस वर्षांचा माणूस साठीचा झाला.

“आत जा,” सुंदरानं आवडीला सांगितलं. आवडीनं दार उघडलं. आतलं पांढरं डोकं पाहून ती तिथूनच पाया पडली.

आतून खोकल्याचा आवाज आला तेव्हा सर दचकून उभे राहिले. तीन महिन्यांत त्या खोलीतून काही आलं नव्हतं. “आत कोण आहे?”

“डॉक्टर,” सुंदरा म्हणाली.

“कोणाच्या परवानगीनं?”

पोराच्या छातीत कफ होता. इंजेक्शन मिळालं. दुपारी ते दूध मागू लागलं आणि बाकावरचे बावीस जण आत घुसले. सरांनी सुंदराच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं: ‘अकराव्या मिनिटाला पेशंट आत सोडला. नापास.’

पाटणकरांनी तिला दुसऱ्याच दिवशी समोरच्या दवाखान्यात खुर्ची दिली. पहिल्या दिवशी चाळीस पेशंट आले, सगळे लगेच तपासले. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी एकच आला, दारातून डोकावला आणि आत माणूस मोकळा बसलेला पाहून परत गेला.

“मला तुमची नोकरी चालू ठेवणं कठीण आहे,” पाटणकर कोडं काढत म्हणाले.

सुंदरानं दार ओढून घेतलं आणि गिरणीतून ओंजळभर पीठ आणवलं. चौथ्या दिवसापासून तापाचं पोर, विंचू चावलेला, अडलेली बाई यांना मागच्या दारानं ताबडतोब आत. बाकीच्यांना नंबर आणि पाऊण तास. डॉक्टर आत बसून कोडी सोडवत. महिनाभरात बाक कमी पडला. चंदर स्वतः बघायला आला, त्याला तिनं सदतीस नंबर दिला.

“अगं, मी आजारी नाय!”

“मंग तुला घाई कसली? बस तिथं.”

आषाढात ठोंबरे सर खोकत आले. सुंदरानं नाव विचारलं, कार्डावर उतरवलं. “डॉक्टर बिझी आहेत.”

सर बसले. घड्याळ काढलं. दाराच्या फटीतून पाटणकर नखं कापताना साफ दिसत होते. एक तास दहा मिनिटं झाली तेव्हा सरांचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवीतून एक जाड, गुळगुळीत प्रमाणपत्र काढलं, त्यावर सही केली आणि टेबलावर ठेवलं. “प्रथम श्रेणी,” ते खोकत म्हणाले.

सुंदरानं कागद बोटांनी चाचपून पाहिला. खरंच चांगला होता, पटकन फाटणारा नव्हता. तिनं कात्री घेतली, त्याच्या उभ्या पट्ट्या कापल्या, कडेला एकेका डोसाची खूण म्हणून खाचा पाडल्या आणि सर तपासून बाहेर आले तेव्हा पहिली पट्टी त्यांच्याच खोकल्याच्या बाटलीवर चिकटवली.

“दिवसातून तीन वेळा,” ती म्हणाली. “हलवून.”