बशीएवढं वर्तुळ

"एक आत, दोन बाहेर!" शेजारचा रुडी कागद फडकावत ओरडला. "आणि बाहेरची एक तर इतकी बाहेर, की माझी गाय तिथे उभी असती तर गेली असती कामातून."

तौनोने रायफल मोकळी करून ठेवली आणि शंभर पावलं चालत खडीच्या जुन्या खाणीच्या भिंतीपाशी गेला. कागदावर पेन्सिलीचं वर्तुळ होतं. कॉफीची निळ्या काठाची बशी उपडी ठेवून सकाळी त्यानेच ते काढलं होतं. आजवर ते त्याची बायको लेम्पी काढायची.

"वारा होता," रुडी म्हणाला.

"वारा नव्हता."

"बरं बाबा, नव्हता. मग म्हातारा झालास. दुकानातून गोळ्यांची एक डबी आण आणि विषय संपव."

"माझ्या आहेत की गोळ्या."

"तुझ्या कसल्या? त्या लेम्पीच्या होत्या. तू नुसता ओतायचास." बोलून गेल्यावर रुडीने जीभ चावली. मग उगाच टोपी काढून झटकली.

तौनोला राग आला नाही. खरंच होतं ते. एकतीस वर्षं त्याने तालुक्याच्या रस्त्यांवरचा बर्फ सारायची गाडी चालवली, आणि तेवढीच वर्षं दर ऑक्टोबरात शेडमध्ये गोळ्या ओतल्या. टायरच्या दुकानातून मोटारींच्या चाकांची जुनी शिशाची वजनं आणायची, ती वितळवायची, मेणबत्तीचा तुकडा टाकून मळ वर काढायचा, पळीने शिसं साच्यात ओतायचं. साचा उघडला की गोळी टॉवेलवर पडायची. तिथून पुढचं काम लेम्पीचं. गोळी निवली की ती उचलायची, बुडाच्या कडेवरून अंगठ्याचं नख एकदा गोल फिरवायची आणि एक तर कॉफीच्या डब्यात टाकायची, नाहीतर परत कढईकडे सरकवायची. बघायचीसुद्धा नाही. खिडकीबाहेरच्या पाखरांकडे बघत, बहिणीच्या तक्रारी सांगत तिचं चालायचं.

"हिला काय झालं?" तौनो परत आलेली गोळी दिव्यापाशी धरून विचारायचा. "चांगली तर आहे."

"बुडाची कड बोथट झालीय. वाकडी जाईल."

"मला नाही दिसत."

"तुला गेल्या वर्षी कुंपणही दिसलं नव्हतं, गाडी घातलीस त्यात. वितळव मुकाट्याने."

बशीचा नियमही तिचाच. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तौनोने एका हरणाला जखमी केलं होतं. गोळी पोटात लागली. दोघं दोन दिवस दलदलीतून रक्ताच्या मागावर हिंडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्त संपलं आणि हरीण काही सापडलं नाही. घरी येऊन तिने ओले बूट काढले, कपाटातून बशी आणली आणि म्हणाली, "यापुढे हंगामाआधी यात तीन. तिन्ही आत. रेघेवर म्हणजे बाहेर. नाहीतर त्या वर्षी तू घरी."

तो कधी घरी राहिला नव्हता. एकच वर्ष सोडून, गेल्या वर्षी, तेव्हा ती इस्पितळात होती. मार्चमध्ये ती गेली.

त्या दिवशी खाणीतून आल्यावर त्याने पुन्हा शेगडी पेटवली. शंभर गोळ्या ओतल्या. साचा थंड होता तेव्हाच्या सुरकुतलेल्या गोळ्या त्यालाही कळल्या, त्या त्याने परत टाकल्या. उरलेल्यांवर चष्मा लावून बसला. सगळ्या सारख्या. अंगठा फिरवून पाहिला, पण त्याची नखं मुळापर्यंत कापलेली. बोटाच्या जाड कातडीला गोळीचं बूड नुसतं गार लागत होतं.

लेम्पी उजव्या अंगठ्याचं नख कधी कापायची नाही. बाकीची नऊ बारीक, ते एक लांब. चर्चमधल्या बायका हसायच्या तिला. शवपेटीत तिचे हात एकावर एक ठेवले होते. वरचा उजवा. ते नख कुणीतरी व्यवस्थित कापून, घासून ठेवलं होतं. तौनो तिथे उभा राहून त्या अंगठ्याकडेच पाहत होता. मुलीला वाटलं, बाबा प्रार्थना करताहेत. कापणाऱ्याने चांगल्या मनानेच केलं होतं, त्याला काय म्हणणार?

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला पुन्हा खाण. उद्यापासून हरणांचा हंगाम. त्याने निवांत तीन गोळ्या झाडल्या. या वेळी रुडी ओरडला नाही. कागद घेऊन तोच चालत आला.

"दोन आत. तिसरी पण आतच म्हण."

तिसरं भोक पेन्सिलीच्या रेघेवर होतं. निम्मं आत, निम्मं बाहेर.

"रेघेवर आहे," तौनो म्हणाला.

"अरे, हरणाला काय पेन्सिल कळते का? कोण बघायला येणार आहे?"

तौनोने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"उद्या किती वाजता निघतोस?" त्याने विचारलं.

"पाचला. म्हणजे येतोयस ना?"

"ओढायला येईन. तुझी कंबर धड नाही."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला रुडीच्या बाजूने एकच बार ऐकू आला. तौनो दोर घेऊन गेला. हरीण जागच्या जागी पडलं होतं. दोघांनी ते देवदारांतून, घोटाभर बर्फातून रस्त्यापर्यंत ओढलं. रुडी वाटेत दोनदा थांबला, दोन्ही वेळा कंबरेला शिव्या दिल्या. गाडीत चढवल्यावर त्याने काळीज फडक्यात बांधून तौनोच्या हातात दिलं.

"कांद्यावर परतून घे," तो म्हणाला. "लेम्पी करायची तसं." मग जरा थांबून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

"बघू."

तो शनिवार, वाफेच्या आंघोळीचा दिवस. तौनोने सौना तापवली, दगडांवर पाणी टाकलं, वाफेत एकटाच वरच्या फळीवर बसला. बाहेरच्या खोलीत अंग पुसून झाल्यावर त्याने खिळ्यावरची छोटी कात्री घेतली. वाफेने नखं मऊ झाली होती. आधी डावा हात केला, मग डाव्या हाताने सावकाश उजवा, करंगळीपासून. चार बोटं झाली. तो अंगठ्यापाशी आला, कात्री टेकवली, आणि मिटून परत खिळ्याला अडकवली.