गाळलेलं कलम

कल्याणच्या मामलेदार कचेरीबाहेर, पिंपळाच्या पारावर हरिहरपंत अर्ज लिहायला बसत. आगगाडी कल्याणात येऊन तीसेक वर्षं झाली होती, तरी साहेबापुढे जाणाऱ्या कागदांत माणसं अजून 'आपल्या पायाची धूळ' असंच म्हणवून घेत. पंतांना त्याचा वीट आला होता. म्हणून भाऊसाहेब वकिलांनी शहराच्या तळ्याबद्दल अर्ज लिहायला बोलावलं, तेव्हा पंतांनी मोठ्या हौसेनं सुरुवात केली: 'आम्ही कल्याण शहराचे नागरिक.'

"वा! नागरिक!" भाऊसाहेबांनी शब्द तोंडात घोळवला. "रयत नको, रहिवासी नको. नागरिक. झकास!"

पुढची तीन कलमं साधी होती. तळ्यातला गाळ काढावा, पायऱ्या बांधाव्या, पहारेकरी नेमावा. चौथं भाऊसाहेबांनी स्वतः सांगितलं आणि पंतांनी लिहून घेतलं: 'आसपासच्या खेड्यांतले गावंढळ व ओंगळ लोक तळ्यात उतरून पाणी नासवतात आणि पटकी पसरवतात. सबब त्यांस तळ्यावर येण्यास कायमची मनाई व्हावी.'

भाऊसाहेबांच्या शौचकूपाचं गटार तळ्याच्या कोपऱ्यात कुठं उतरतं, ते पंतांना ठाऊक होतं. दुपारी तिकडून जाताना ते नाकाला उपरणं लावत. पण त्याबद्दल ते बोलले नाहीत.

एक्केचाळीस सह्यांचा तो अर्ज ठाण्याहून महिन्याभरात परत आला. कलेक्टरचा शेरा होता की तळ्यावर खेड्यांतल्या लोकांची जुनी वहिवाट आहे, त्यांची संमती जोडावी.

"मग जोडू की," भाऊसाहेब म्हणाले.

बाजाराच्या दिवशी त्यांनी खाडीकाठच्या गावातल्या तेवीस जणांना आपल्या अंगणात बोलावलं. त्यांचा पुढारी दौलत. पन्नाशीचा, रापलेला, बोलायला सावकाश. त्याचे बैल दर बाजाराला त्या तळ्यावर पाणी पीत.

"तळं साफ व्हायचंय, पायऱ्या व्हायच्यात," भाऊसाहेबांनी सांगितलं. "तुमची निशाणी हवी."

"वरती काय लिवलंय?" दौलतनं विचारलं.

"आम्ही नागरिक, असं लिहिलंय."

"नागरिक म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे."

"आमी बी?" दौलत मागं वळून आपल्या लोकांकडे बघून हसला. "ऐकलात का रं? मना वाटलं, नांगरवाल्यांना म्हणतात."

ओटीवरची शहरातली मंडळी खो खो हसली. दौलतला वाटलं, आपण गमतीचं बोललो. तोही हसला. मग म्हणाला, "पंत, येक डाव वाचून दावा."

पंतांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी नुसत्या भुवया उचलल्या. पंतांनी पहिली तीन कलमं खणखणीत वाचली, चौथ्यावरून नजर उचलली आणि म्हणाले, "एवढंच."

दौलतनं टाक हातात घेतला. कागदावर वाकून, जीभ ओठांत धरून त्यानं नांगराची निशाणी काढली. इसाड, रुमणं, फाळ, नांगराचा एकही भाग सोडला नाही. मागोमाग बावीस नांगर उमटले.

ते लोक दिंडीदरवाजाबाहेर पडताच भाऊसाहेबांनी गड्याला हाक मारली. "अरे, अंगण शेणानं सारव. आणि पंत, तो टाक फेकून द्या, नवा देतो. नागरिकांच्या हातचा आहे!"

पुन्हा हसू उसळलं. या खेपेला पंतही हसले. आपलं हसणं कानांवर आलं तसे ते थांबले. 'नागरिक' हा शब्द त्यांनीच आणला होता. आता तो कुणीतरी चघळून त्यांच्याच पानात थुंकल्यासारखा वाटत होता.

घरी पत्नी सुमतीबाईंनी ताट वाढलं. पंतांनी भाताला हात लावला आणि तसेच उठले.

"बरं नाही का?"

"किळस आलीय."

"कशाची?"

पंत हात धुवायला परसात गेले.

अर्जाची स्वच्छ नक्कल करायला कागद त्यांच्याचकडे होते. सकाळी ते उपरण्यात गुंडाळून पंत खाडीकाठच्या गावी गेले. दौलत ओट्यावर दोर वळत होता. शेजारी त्याची बहीण ठमाबाई भाजीच्या जुड्या बांधत होती. पंतांनी चौथं कलम वाचलं. प्रत्येक शब्द वाचला, 'ओंगळ'सुद्धा.

दौलतचा हात थांबला.

"काल वाचलात तवा हे कुटं होतं?"

"होतं. मी गाळलं."

दौलत तोंड वळवून अंगणात पच्चकन थुंकला. ठमाबाई उठून उभी राहिली. "पंत, ओट्यावरनं उठा. घाण करू नगा."

पंत उठले. "मी उलटा अर्ज लिहून देतो, फुकट," ते म्हणाले.

"तुमच्या हातचा कागद नको," दौलत म्हणाला. "आमी तोंडानं सांगू. तुमी तेवढं येऊन खरं बोला."

पंतांनी कागद तिथंच ठेवले आणि भाऊसाहेबांना कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी चोवीस माणसं पायी ठाण्याला निघाली. तेवीस जण अर्जाचे कागद घेऊन एकत्र चालत होते. पंत पन्नास पावलं मागं होते, कारण कुणी त्यांना जवळ बोलावलं नव्हतं.

कलेक्टरकचेरीत शिरस्तेदारानं, म्हणजे मुख्य कारकुनानं, जबाब घेतला. दौलत सांगत गेला: बैल पाणी पितात, माणसं काठावर पाय धुतात, आणि तळ्यातली घाण कुणाच्या गटारातनं येते ते डोळ्यांनी बघा. मग पंतांना पुढं बोलावलं.

"अर्ज वाचून दाखवलात?"

"तीन कलमं वाचली. चौथं जाणूनबुजून गाळलं."

"का?"

पंत म्हणाले, "भाऊसाहेबांची भीती वाटली म्हणून नाही. मला वाटलं, या लोकांना काय कळतंय."

शिरस्तेदारानं मान वर केली, त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.

अर्ज कारवाईविना दप्तरी दाखल झाला. मनाई आली नाही. गाळही निघाला नाही, आणि कोपऱ्यातलं गटार वाहतच राहिलं. भाऊसाहेबांच्या माणसांनी पंतांकडे पाठ फिरवली. पारावर दुसरा अर्जनवीस बसू लागला. बाजारात ओळखीची मंडळी त्यांना पाहून उपरणं सावरत आणि बाजूनं जात.

ठमाबाई पूर्वी दर बाजाराला पंतांच्या दारात थांबून माठाच्या भाजीची जुडी देई. आता ती दारावरून सरळ पुढं जाई. तिसऱ्या बाजाराला सुमतीबाईंनी विचारलं, तेव्हा पंतांनी त्यांना सगळं सांगितलं, अगदी अंगणातल्या हसण्यापर्यंत.

"तुम्हीही हसलात?"

"हो."

पुढच्या बाजाराला सुमतीबाई स्वतः पिशवी घेऊन तळ्याकाठी गेल्या. ठमाबाईपुढं उभ्या राहून त्यांनी जुडी मागितली. ठमाबाईनं वर पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाली, "बाई, तुमाला देते. त्यांना खाऊ घालायची तर नको."

सुमतीबाईंनी जुडी घेतली. त्या दिवशी पंतांच्या पानात भाजी नव्हती, आणि त्यांनी ती मागितलीही नाही.