खळीवर दोन सूप

सासऱ्यांनी उघडलेलं रेस्टॉरंट वहिनींनी तीस वर्षं नेटानं चालवलं, आणि त्या तीस वर्षांतली सगळ्यांत मोठी चूक त्यांनी नेमकी तपासणीच्या आदल्या दिवशी केली. मिस्त्री बोलावून त्यांनी टेबलांचे संगमरवरी तक्ते उलटे करवले. झिजलेली बाजू खाली गेली, तळाची कोरी बाजू घासूनपुसून वर आली. पाहुणे यायचे म्हणजे घर आवरायला नको का?

पाहुण्या होत्या नगरपालिकेच्या मॅडम. जुनं रेस्टॉरंट जुन्यासारखंच जपा, चार नवी माणसं कायमची कामाला घ्या, तर दहा वर्षं कर माफ आणि छपराच्या दुरुस्तीला मदत, अशी योजना निघाली होती. वहिनींचं छप्पर गळत होतं. योजना हुकली तर जागा मोबाइलच्या शोरूमला द्यावी लागणार होती. शोरूमवाला भिंती मोजूनसुद्धा गेला होता.

मॅडम ऐन दुपारच्या गर्दीत आल्या आणि दारातच थबकल्या.

"टेबलं नवी घेतलीत?"

"जुनीच आहेत हो! फक्त जरा..." वहिनींनी जवळच्या कोऱ्या तक्त्यावरून हात फिरवला.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "आणि ही चार माणसं इथलीच ना? मागच्या ठिकाणी तपासणीपुरते मेहुणे उभे केले होते."

वहिनींनी राग गिळला. तीन महिने पदरमोड करून त्यांनी ती माणसं शिकवली होती.

आता या रेस्टॉरंटात टेबलांना नंबर नाहीत. माणसं येतील तशी टेबलं सरकतात, जोडली जातात, म्हणून जागेवरूनही ओळख नाही. तक्त्यावरची खूण हेच टेबलाचं नाव. कोपरं टेकून झिजलेली ती खळी, सुरीनं ओरखडलेला तो चरा. सगळे ज्यांना मामा म्हणतात ते थोरले वेटर स्वयंपाकघराच्या खिडकीत ओरडतात, "खळीवर दोन सूप!" आणि ज्याचे हात रिकामे, तो नेऊन ठेवतो. चिठ्ठीचपाटी काही नाही.

आज सगळ्या टेबलांची तोंडं सारखीच कोरी. मामा अंदाजानं ओरडले, सूप कॉफीवाल्या आजोबांपुढे गेलं, ऑम्लेट परत आलं. चाळीस वर्षांत न चुकलेले मामा ट्रे घेऊन जागच्या जागी फिरू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, वहिनींच्या मनात आलं. सासऱ्यांचं रेस्टॉरंट आपण आपल्या हातांनी बुडवलं.

तेवढ्यात चौघांतली सगळ्यांत नवी, बंद पडलेल्या कारखान्यातून आलेली बाई पुढे झाली. गिऱ्हाइकाला "जरा माफ करा हं" म्हणत तिनं वाकून टेबलाखाली हात घातला आणि तक्ता तळहातानं चाचपला.

"मामा, ही खळी!"

मग दुसरं टेबल. "हा चरा!" बाकीचे तिघेही वाकले. पाच मिनिटांत मामांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला आणि ताटल्या आपापल्या माणसांपुढे जाऊन बसल्या.

मॅडमनीही टेबलाखाली हात घातला. बराच वेळ तो तिथेच राहिला.

"किती जणांनी कोपरं टेकली असतील हो इथे," त्या हळूच म्हणाल्या. मग हसल्या. "तपासणीपुरत्या मेहुण्याला हे जमलं नसतं. चारही माणसं मंजूर. पण वहिनी, आधी टेबलं सुलटी करा, मग सही."

"आत्ता? लोक जेवताहेत!"

लोकांनीच ताटल्या उचलून हातात धरल्या. एका तक्त्याचं टोक खुद्द मॅडमनी धरलं.

सही झाल्यावर मॅडम खळीच्या टेबलाशी टेकल्या, आणि त्यांचं कोपर आपसूक त्या खोलगट जागी गेलं.

"खळीवर एक कॉफी!" मामा ओरडले.

चौघेही कामात होते. हात रिकामे होते ते फक्त वहिनींचे. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि कॉफी आणायला धावल्या.