असंच म्हणतात ना इथं?

बाईंच्या शाळेत एक वर्ष असंही आलं, की वर्गात एकच मुलगा उरला. तोच मॉनिटर, तोच हुशार आणि तोच ढ. गावातली तरणी माणसं पोटापाण्यासाठी परदेशी पांगली होती. बाईंची लेकही त्यांतलीच.

मग गावाबाहेर फळं डबाबंद करायचा कारखाना निघाला. गावात कामाला हात नव्हते, म्हणून मालकानं दूरच्या देशातून कुटुंबंच्या कुटुंबं आणली. बंद घरांची कुलपं निघाली. वाणी हातवाऱ्यांवर धंदा करायला शिकला. शाळेत बाकं कमी पडू लागली, पण एकाही पोराला आपली भाषा येईना. बाईंनी 'हे दार, ही खिडकी'पासून सुरुवात केली.

पोरं वाचू लागली आणि बाईंचे यजमान गेले. लेक पोचली तोवर सगळं उरकलं होतं. बाईंना रडू आलं नाही. दात काढताना भूल दिली की आपलाच गाल परक्याचा वाटतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. भाजी अळणी आहे की खारट, कळत नसे. त्या खात, शाळेत जात, शिकवत.

पुढच्या वर्षी लेक सुट्टी काढून मुलाला घेऊन आली. नातू गोड होता, बडबड्या होता, पण त्याच्या बडबडीतलं बाईंना 'आजी' एवढंच कळे.

"त्याला आपली भाषा नाही शिकवलीस?" बाईंनी पोळी लाटता लाटता विचारलं.

"आई, तिथं कुणाशी बोलणार तो?"

"माझ्याशी."

आवाजात राग नव्हता. लेकीचे डोळे भरले. बाईंनी पोळी उलटली.

घरात कंटाळतो म्हणून बाई त्याला शाळेत नेऊ लागल्या. तो कारखान्यातल्या मेकॅनिकच्या मुलीशेजारी बसे. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती जागेवर ठरत नसे. एक दिवस शाळा सुटताना लेक त्याला न्यायला आली. नातू बुटाच्या नाडीशी झटत होता. कमरेवर हात ठेवून भिंगरी ओरडली, "चला, गोगलगायसाहेब! पालखी मागवू का?"

लेक दारातच थबकली. हे तिच्या बाबांचं बोलणं होतं. लहानपणी ती नाडीशी झटत बसली की बाबा असंच म्हणायचे, 'पालखी'आधी असंच थांबून. बाईंच्या तोंडी ते केव्हा आलं आणि वर्गात केव्हा गेलं, बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"हे तुला कुणी शिकवलं गं?" लेकीनं विचारलं.

भिंगरी गोंधळली. "कुणी नाही. असंच म्हणतात ना इथं?"

लेक खाली बाकावर बसली आणि हमसून हमसून रडली. बाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. आपल्यालाही आता काहीतरी होईल, म्हणून त्यांनी वाट पाहिली. काही झालं नाही. फक्त हाताला लेकीची पाठ ऊन लागली.

त्यानंतर नातू दिवसभर भिंगरीच्या मागे हिंडू लागला. त्याच्या तोंडी आपले शब्द येऊ लागले, पण ते भिंगरीच्या घरच्या हेलात. निघायच्या दिवशी तो बाईंच्या गळ्यात पडून म्हणाला, "आजी, येते हं मी!"

"अरे, येतो म्हण," लेक हसली. "मुलगी आहेस का तू?"

"असू दे," बाई म्हणाल्या. "समजलं मला."

गाडी गेली. बाई थेट शाळेत आल्या. नातवाच्या जागेवर भिंगरीनं आपल्या धाकट्या भावाला आणून बसवलं होतं. इतके दिवस मायदेशी राहिलेला, कालच इथं आलेला तो पोरगा बाकाची कड घट्ट धरून बसला होता. बाई त्याच्याजवळ गेल्या, खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही खिडकी."

पोरगा त्यांच्या बोटाकडेच बघत राहिला.

"खिडकी," बाई पुन्हा म्हणाल्या.