माळकरी खड्डा

साळुबाई मंगळवारी गेली आणि शनिवारी मी तिला खताच्या खड्ड्यात टाकलं. मुद्दाम टाकलं नाही, हे आधीच सांगतो.

२००४ सालची गोष्ट. आमच्या वाडीतली शाळा पुण्याच्या एका संस्थेनं पर्यावरणाच्या कामासाठी निवडली होती. संस्थेच्या अमृता मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. त्यांनी पोरांचं हात धुवायचं पाणी केळीला सोडायला लावलं, प्लास्टिक वेगळं ठेवायला लावलं आणि शाळेमागं खताचा खड्डा करायला लावला. खड्डा मी खणला. शाळेची झाडं बघायचं काम मी रत्नदीप गुरुजींकडून मागूनच घेतलं होतं. खड्ड्याची पाटीही मीच रंगवली: 'राख, शेण, पालापाचोळा, अंड्याची टरफलं येथे टाका.' अक्षरं मला साक्षरतेच्या वर्गात पन्नाशीनंतर आली. तेव्हापासून कुणी पाटी रंगवायला सांगितली की मी नाही म्हणत नाही.

गुरुजींनी पोरांना सांगितलं होतं, शनिवारी प्रत्येकानं घरून डबाभर राख आणायची. पोरांनी आणली. बहुतेकांच्या राखेत निम्मे कोळसे होते, विड्यांची थोटकं होती, एकाच्या डब्यात खिळे निघाले. रखमाजीच्या हर्षालीचा डबा तेवढा वेगळा होता. राख पांढरी, हलकी. मी ती सगळ्या पोरांना दाखवली.

"राख अशी पाहिजे," मी म्हणालो. गुरुजींनी हर्षालीसाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या राखेत पांढरे तुकडे होते. मी ते निरखून बघितले आणि समजलो की ही अंड्याची टरफलं. आता रखमाजीचं घर म्हणजे तीन पिढ्यांचं माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा एकादशीला शिवत नाहीत. त्यात आई जाऊन पाच दिवस झालेले, घरात सुतक. आणि चुलीत अंड्याची टरफलं. मी कुणाला बोललो नाही. फक्त शेजारच्या भिकाला बोललो.

भिका सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला बैल बघायला गेला. त्यानं बैल घेतला नाही, पण बातमी बाजारात सोडून आला. मंगळवारी सकाळी रखमाजीच्या घरी एक पाहुणा भेटायला आला. चटईवर टेकला आणि म्हणाला, "म्हातारीच्या माघारी माळ काढली म्हणं तुमी?"

रखमाजी तडक शाळेत आला. डोकं भादरलेलं, खांद्यावर टॉवेल. मी केळीला पाणी वळवत होतो.

"जयवंतराव, माझ्या घरात अंडी खात्यात असं तुमी सांगितलं?"

"भिकाला सांगितलं."

"भिकाला सांगितलं म्हंजी राहिलं कोण? माझ्या घरात अंडं तुमी बघितलं?"

"टरफलं बघितली. हर्षालीच्या राखेत व्हती."

"माझ्या चुलीच्या राखेत?"

"चुलीची न्हाई वाटत. लई पांढरी व्हती. मोठा तुपाचा डबा, वर फडकं बांधलेलं."

 रखमाजी पायरीवर बसला. मग हळूच म्हणाला, "हर्षालीला बोलवा."

हर्षाली आली. डबा कुठून घेतलास, विचारलं. ती म्हणाली, आई म्हणाली गोठ्यातला राखेचा डबा ने, म्हणून गोठ्यातला नेला. गोठ्यात दोन डबे होते. एक भांडी घासायच्या राखेचा. दुसरा वर आढ्याला टांगलेला. तो स्वच्छ दिसला म्हणून तिनं तो काढला.

तिसऱ्या दिवशी राख सावडली तेव्हा बाकी सगळी नदीत सोडली होती. थोडी राख आणि अस्थी त्या डब्यात राखून ठेवल्या होत्या. रखमाजीच्या आईला, साळुबाईला, जन्मभर भीमाशंकरला जायचं होतं आणि जमलं नव्हतं. दरवर्षी काही ना काही निघायचं, कधी कांदा काढायला आलेला असायचा, कधी म्हैस व्यायला झालेली. शेवटी तिनं दोन्ही पोरांकडून वचन घेतलं होतं, जिती न्हाई नेली तर मेल्यावर न्या. धाकटा भरत मुंबईला नोकरीला. तो दहाव्याला येणार होता आणि दहावं झालं की दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ डबा घेऊन जाणार होते.

"परवा दहावं हाय," रखमाजी म्हणाला. "भरतला काय दावू?"

आम्ही खड्ड्यापाशी गेलो. शनिवारच्या राखेवर सोमवारी शेणकाला पडला होता, त्यावर पाला, त्यावर पाणी. मी वरचा थर फावड्यानं बाजूला घेतला आणि खालचा चाळणीत घेतला. रखमाजीनं चाळणीची दुसरी बाजू धरली. साळुबाई हयातीत मला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. आता ती माझ्या चाळणीत होती. 

दुपारपर्यंत अकरा पांढरे तुकडे सापडले. पण पाटी वाचून इतर घरांतूनही माल आला होता. अकरांतले काही नक्की कोंबडीचे होते. कोणते, ते कळेना.

रत्नदीप गुरुजी वर्ग सोडून आले. एक तुकडा बोटांत धरून म्हणाले, "तसं बघितलं तर दोन्हींत कॅल्शियमच असतं."

"गुरुजी," रखमाजी म्हणाला, "तुमी वर्गावर जावा."

बुधवारी भरत आला. रखमाजीनं त्याला सगळं सांगितलं. भरतनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या खड्ड्यात अजून काय काय हाय?" मी सांगितलं. त्यानं थोडा विचार केला. "मग समदाच थर न्यावा लागंल," तो म्हणाला.

शुक्रवारी आम्ही जीप केली. दोघं भाऊ पुढं बसले, मी मागं गोणी धरून. गोणी दीड मण भरली होती. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण, मग घाट. घाटात गोणी माझ्या अंगावर कलली, तेव्हा मी तिला नीट टेकवून बसवलं आणि सवयीनं म्हणालो, "सावकाश, काकी."

अभयारण्याच्या नाक्यावर वनरक्षकानं जीप थांबवली. गोणीवर हात ठेवून म्हणाला, "काय आहे?"

"खत," मी म्हणालो.

"जंगलात खत कशाला?"

"आई हाय त्यात," भरत म्हणाला.

वनरक्षकानं गोणीचं तोंड सोडून आत बघितलं. आमच्याकडं बघितलं. दोन भादरलेली डोकी बघितली. पुन्हा आत बघितलं.

"रासायनिक काही नाही ना?"

"न्हाई. शाळेचं हाय," मी म्हणालो.

"बाहेरची माती आत सोडता येत नाही. बियाणं येतं, कीड येते. एक ओंजळ न्या. बाकी माघारी न्या."

रखमाजीनं गोणीत दोन्ही हात घातले. बराच वेळ तो नुसता चाचपत होता. आई कुठं असेल याचा अंदाज घेत असावा. मग एक ओंजळ घेतली, टॉवेलात बांधली, आणि दोघं भाऊ ती पाण्यात सोडायला देवळाकडच्या पायऱ्या उतरून गेले. मी गोणीपाशी थांबलो.

परत आले तेव्हा रखमाजीचा टॉवेल ओला होता. तो गोणीकडं बघत राहिला.

"गेली का न्हाई, कसं कळायचं?" तो म्हणाला. "ओंजळीत नसली तर?"

भरतनं गोणीचं तोंड पुन्हा बांधलं.  वनरक्षक ऐकत होता. तो म्हणाला, "शाळेचं खत आहे ना? रोपवाटिकेत हिरड्याची रोपं आहेत, शाळांना फुकट देतो. इथल्याच बियाची. एक घेऊन जा."

रखमाजीनं रोप घेतलं. वाडीपर्यंत ते त्यानं मांडीवर धरलं होतं. गोणी खड्ड्यात परत रिकामी केली, वर हिरडा लावला. आई तिथं पोचली असली तर पोचली. नसली तर तिथलं झाड इथं आलं होतं. आम्ही शेजारी दुसरा खड्डा खणला.

रखमाजी रोज सकाळी शेतावर जाताना हिरड्याला कळशी घालतो. अंड्याची बातमी खोटी होती, हे मी पुढच्या सोमवारी बेल्ह्याला स्वतः जाऊन सांगितलं. पण ऐकायला कमी लोक थांबले. म्हणून पाटी पुन्हा रंगवली, तीत नव्या खड्ड्याकडं बाण काढला आणि हिरड्यापाशी वेगळी पाटी लावली: 'येथे अंड्याची टरफलं टाकू नये.'

पुढच्या महिन्यात अमृता मॅडम आल्या. त्यांनी वहीत सगळं टिपून घेतलं, हिरडा बघून खूश झाल्या. मग पाटी वाचली.

"जयवंतकाका, टरफलं तर झाडाला चांगली. का नको?"

गुरुजी आभाळाकडं बघू लागले.

"हा खड्डा माळकरी हाय," मी म्हणालो.

मॅडमनी तेही वहीत लिहून घेतलं.