मागून ढुशी देतो का?

मी एक रकाना बोलतोय. जनावरांच्या दवाखान्यातल्या संगणकात राहतो. माझं नाव ‘मागून ढुशी देतो का’. हसा खुशाल, सगळेच हसतात.

माझ्याआधी इथे नाव, वजन आणि लस हे तीनच मानाचे रकाने होते. त्यांची रीतसर नोंदणी झाली होती. माझी कुणी केली नाही. एका सकाळी निवृत्त पोस्टमास्तर आपला मेंढा घेऊन आले. डॉक्टरीणबाई पडलेलं थर्मामीटर उचलायला वाकल्या आणि थेट औषधांच्या कपाटात गेल्या.

“लाडात आलाय जरा,” पोस्टमास्तर म्हणाले.

“ताई, हे आधी लिहून ठेवा!” कपाटातून आवाज आला.

काउंटरवरच्या ताईंनी मेंढ्याच्या ओळीत माझं नाव टाइप केलं, पुढे ‘हो’ लिहिलं आणि मी जन्मलो. आमच्या डेटाबेसची रीतच तशी. आधी कुणाला विचारावं लागत नाही. ज्या ओळीत लिहाल, त्याच ओळीत नवा रकाना उगवतो. शेजारच्या कासवाच्या ओळीत मी रिकामासुद्धा नव्हतो. नव्हतोच मुळी!

ताईंना मग चटकच लागली. पोपटाला ‘शिव्या देतो’ मिळाला, मांजरीला ‘फक्त आईचं ऐकते’.

अशात डॉक्टरीणबाईंचे जावई आले. संगणकातले जाणकार.

“आई, केवढा हा पसारा! नोंदणी नसलेले सगळे रकाने उडवतो.”

“साहेब, हा एक तरी ठेवा हो,” ताई काकुळतीला आल्या.

“मेंढ्याच्या स्वभावासाठी रकाना? काहीतरीच!”

तेवढ्यात वायर निसटली म्हणून जावई टेबलाखाली वाकले. आणि दारातून, लस घ्यायला, मेंढा आत आला.

“साहेब, वाकू नका!”

“का?” जावयांनी वाकूनच विचारलं.

ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आले. चष्मा जरा मागाहून आला.

“आई,” चष्मा पुसत ते म्हणाले, “हा रकाना राहील. रीतसर. प्रत्येक जनावराला विचारायचं.”

“कासवालाही?”

“कासवालाही!”

तेव्हापासून मी मानाने जगतोय. उत्तरं मात्र मोघम मिळतात. जो तो आपल्या लाडक्याची बाजू घेतो. तुम्ही आलात तर कृपा करून त्या आजीबाईंसारखं खरं सांगा. काल त्या बरणीत मासा घेऊन आल्या होत्या. ताईंनी माझा प्रश्न विचारला. आजींनी माशाकडे निरखून पाहिलं, बरणी जरा लांब धरली आणि म्हणाल्या,

“अजून मी त्याच्याकडे पाठ केली नाही.”